शब्दाची जात

आमच्या शाळेला पन्नास वर्षं होतायत म्हणून स्मरणिका निघतेय. हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, जुन्या लोकांत आता तुम्हीच उरल्या. दिगंबर सरांवर तुम्ही लिहा. दोन पानं. चांगलं लिहा." मी विचारलं, चांगलं लिहू की खरं लिहू? ते हसले. त्यांना वाटलं, मॅडम नेहमीसारखं तिरकं बोलतायत. मी त्यांना दोन पानं लिहून दिली. त्यात 'विद्यार्थीप्रिय' घातलं, 'हाडाचे शिक्षक' घातलं, आणि त्यातला एक शब्दही खोटा नाही. पण देऊन घरी आले आणि जेवण जाईना. म्हणून हे दुसरं लिहायला बसले. हे कुणी छापणार नाही. नाही छापलं तरी चालेल.

एक आधीच सांगते. यात कुणाचंच आडनाव येणार नाही. आपल्याकडे आडनाव वाचलं की वाचणारा आधी जात काढतो आणि मग माणसाकडे बघतो. दिगंबर सरांबद्दल लिहिताना तर ते मुळीच नको.

आमची शाळा मोताळ्याहून रोहिणखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात. सर मोताळ्यात राहायचे, मी बुलढाण्याहून यायची. मोताळ्यापर्यंत एसटी, तिथून पुढे जीप, आणि जीपमध्ये सर. उंच, काटक, उन्हाळ्यातही शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटणं लावून बंद. शर्टाच्या खिशात खडूचे तुकडे ठेवायची सवय, त्यामुळे खिसा कायम पांढरा. शोभावहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, म्हणायच्या, "याईचा खिसा धुवून धुवून माह्ये हात गेले, पण खडू काही जात नाई."

सरांना इंग्रजी अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नसे. ट्रॅक्टरच्या मागचं, बियाण्याच्या पिशवीवरचं, जीपच्या काचेवरचं. एकदा जीपमध्ये एक शेतकरी मांडीवर फवारणीच्या औषधाचा डबा घेऊन बसलेला. सरांनी डबा त्याच्या हातातून घेतला, फिरवून वाचला आणि विचारलं, "काय लिहेल हाय माहीत हाय का? 'शेक वेल बिफोर यूज.' यात 'शेक' काय काम करून राह्यला?" तो बिचारा म्हणाला, "सर, मी तं हलवूनच मारतो." सर इतके खूश झाले की गाव येईपर्यंत तेच. "पाहा मॅडम, याले क्रियापद समजलं. 'यूज' आता इथं नाम हाय, पण 'यूज इट' म्हटलं का झालं क्रियापद." मी म्हटलं, सर, त्या माणसाला कपाशी वाचवायचीय, नाम वाचवायचं नाही. ते म्हणाले, "एकच हाय."

मी धाडची. आमच्याकडे बोली जालन्याकडे झुकते, त्यामुळे मी 'मला' म्हणते, 'मले' म्हणत नाही. यावरून त्यांनी मला वीसेक वर्षं चिडवलं. "तुम्ही शुद्ध लोकं," म्हणायचे. पण त्यांचं म्हणणं असं की इंग्रजी शिकायला वऱ्हाडीसारखी भाषा नाही. एकदा नववीच्या सगळ्या वर्गानं 'मी जाऊन राह्यलो'चं भाषांतर 'आय ॲम गो लिव्हिंग' असं लिहून आणलं. राहणे म्हणजे लिव्ह, मग राह्यलो म्हणजे लिव्हिंग. दुसऱ्या कुणी असतं तर पट्टी काढली असती. सर त्या वह्या घेऊन स्टाफरूममध्ये आले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग वर्गात जाऊन म्हणाले, "अबे पोट्टेहो, तुम्ही चुकले नाई, तुम्ही लयच बरोबर गेले. पुण्याचं पोरगं 'मी जातोय' म्हणते. त्याले त्यात आयएनजी कुठी लपलं थे दिसत नाई. आपल्या 'जाऊन राह्यलो'मंधी थे उघडं बसेल हाय. फक्त 'राह्यलो'चं भाषांतर करू नका, त्याले आयएनजीची टोपी घाला." त्या वर्षीच्या पोरांचा तो काळ पुन्हा कधी चुकला नाही. असे सर होते. हे मी त्या दोन पानांत लिहिलंय.

आता जे लिहिलं नाही ते.

मी शाळेत लागले त्याच वर्षी तपासणीला साहेब आले. सातवीचा वर्ग, सरांचा इंग्रजीचा तास. मी शेजारच्या वर्गात होते, मधे नुसती अर्धी भिंत. फळ्यावर वाक्य होतं, राधा रन्स फास्ट. त्या वेळी सरही सगळ्यांसारखंच शिकवायचे, पार्ट्स ऑफ स्पीच म्हणजे शब्दांच्या जाती. पुस्तकात तसं छापलेलं असतं, माझ्या मराठीच्या पुस्तकातही तसंच असतं, शब्दांच्या जाती आठ. साहेबांनी फळ्यावरच्या शेवटच्या शब्दावर पट्टी ठेवली आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीला म्हणाले, "ऊठ. सांग, जात कोणती?"

त्या मुलीचं नाव रंजना. ती फळ्याकडे बघतच नव्हती. एवढा मोठा साहेब आपल्याला उठवतोय, ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिनं मान खाली घातली आणि हळू आवाजात आपली जात सांगितली.

वर्ग हसला. साहेबही हसले. "अगं, तुझी नाही, शब्दाची," म्हणाले आणि पुन्हा सगळे हसले. रंजना खाली बसली. सर हसले नाहीत. मी अर्ध्या भिंतीवरून बघितलं, सरांचा चेहरा पडला होता, आणि साहेब जाईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

रंजना दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशी आली नाही. मग सर तिच्या घरी गेले. गावाच्या टोकाची वस्ती. तिथे ओट्यावर बसले, चहा घेतला, तिच्या आईबापाशी बोलले आणि तिला शाळेत घेऊन आले. आज हे वाचणाऱ्याला काही वाटायचं नाही. त्या वेळी गावात आठवडाभर सरांच्या त्या चहाचीच चर्चा होती. सरांच्या जातीच्या लोकांना तो चहा फार लागला. सरांनी ऐकून घेतलं आणि वर्गात फळ्यावरचा 'जाती' हा शब्द डस्टरनं पुसून टाकला. "आजपासून माह्या तासाले शब्दाले जात नाई," म्हणाले. "शब्दाले काम हाय. तो कोणाच्या घरचा हाय थे इचारू नका. तो वाक्यात काय करून राह्यला थे पाहा. वॉटर म्हणजे पाणी, पिलं तं नाम. वॉटर द ट्री म्हटलं, झाडाले घातलं, तं तोच शब्द क्रियापद. त्यानं काम बदललं, तुम्ही त्याले अडवणारे कोण?"

तेव्हापासून निवृत्तीपर्यंत त्यांच्या तोंडून शिकवताना 'जात' शब्द आला नाही. आमची यावरून भांडणं व्हायची. माझ्या मराठीच्या पेपरात मुलं 'शब्दांची कामे आठ' असं लिहून ठेवायची आणि मी लाल पेनानं रेघ मारायची. मी म्हटलं, सर, तुमच्या सुधारणेनं माझी मुलं नापास होतायत. ते म्हणाले, "तुम्ही तुमच्या तासाले जात शिकवा मॅडम. माह्या तासाले नाई." तालुक्याहून छापील पेपर यायचा, त्यात 'शब्दांच्या जाती ओळखा' असायचंच. सर परीक्षेच्या हॉलमध्ये बाकाबाकाशी जाऊन सांगायचे, "जात खोड, काम लिही." हेडमास्तरांनी त्यांना एकदा लेखी समज दिली. सरांनी ती घडी करून खिशात ठेवली, खडूच्या तुकड्यांत. मला तेव्हा त्यांचा राग यायचा आणि मनातून अभिमानही वाटायचा.

त्यांच्या वर्गात नितीन नावाचा मुलगा होता. रंजनाच्याच वस्तीतला. जिभेला धार. एकदा सर आपलं ठरलेलं सांगत होते की शब्द काम बदलतो, तर हा उठून म्हणाला, "मग 'सर' काय हाय सर? नाम का क्रियापद?" सर म्हणाले, नाम. तर नितीन म्हणतो, "मराठीत क्रियापद हाय. 'बाजूले सर.'" सगळा वर्ग श्वास रोखून बसला, आता याला मार बसणार. सर खुर्चीवरून उठले, खरंच दोन पावलं बाजूला सरले आणि म्हणाले, "ये बे, तूच शिकव." त्या दिवशीपासून नितीन त्यांचा लाडका. रविवारी मोताळ्याला त्यांच्या घरी जायचा, निबंध तपासून घ्यायचा, वहिनींच्या हातचं जेवून परत यायचा. वहिनी त्याला घरच्याच ताटात वाढायच्या, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तिथेच सरांची एकुलती एक पल्लवी, त्याच्याहून एक वर्ष मागे, त्याच टेबलावर बसून अभ्यास करायची. आमच्याच शाळेची विद्यार्थिनी. वडिलांसारखी उंच, आईसारखी शांत. सर मला म्हणायचे, "हा पोरगा आन् माही पल्लू, दोघं मिळून माह्यं नाव काढतीन."

पुढे नितीन लॅबचं शिक्षण घ्यायला नागपूरला गेला, पल्लवी बी.एड.ला तिथेच. नंतरचं मला काही माहीत नव्हतं.

एक दिवस सर रजेवर गेले. गावाकडे काही कार्य आहे, एवढाच निरोप. दोन आठवड्यांनी परत आले ते डोक्याचं मुंडण करून. जीपमध्ये मी त्यांना बघितलं. म्हटलं, "सर, कोण गेलं हो?"

ते बाहेर बघत होते. म्हणाले, "पल्लवी."

 पोरगी चोवीस-पंचवीसची. मी त्या भरल्या जीपमध्ये हुंदके देऊन रडले. शाळेत पोचल्यावर हेडमास्तरांना सांगितलं, मीच सांगितलं. त्यांनी प्रार्थनेनंतर जाहीर केलं की आपल्या शाळेची माजी विद्यार्थिनी, सरांची कन्या, आपल्यातून गेली. मुलं हात जोडून, डोळे मिटून उभी राहिली. दोन मिनिटं सगळं मैदान गप्प. सर समोर उभे होते, मुंडण केलेलं डोकं, खाली घातलेली मान. त्यांनी कुणाला थांबवलं नाही.

मधल्या सुट्टीत आमचा शिपाई मला बाजूला घेऊन म्हणाला, "म्याडम, तुम्ही कायले रडून राह्यल्या? पोरगी जित्ती हाय. मलकापूरले हाय. त्या नितीनसंगं लगन केलं तिनं कोर्टात. सराच्या भावानं गावात तिची तेरवी घातली."

मी पल्लवीचा नंबर लावला. तिनंच उचलला. "बोला मॅडम," म्हणाली. "बऱ्या हायेत ना?" मागे कुकरची शिट्टी वाजत होती.  मग तीच म्हणाली, "शाळेत समजलं का? बाबानं मुंडण केलं म्हणे. खरं हाय का?" मी म्हटलं, खरं आहे. तिनं गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आईले सांभाळा."

त्या दिवशी शेवटच्या तासाला सर सातवीवर गेले. मी शेजारच्या वर्गात. अर्ध्या भिंतीवरून तोच आवाज आला, तीच वाक्यं. शब्द कोणाच्या घरचा हाय थे इचारू नका, काय करून राह्यला थे पाहा. माझ्या हातातला खडू मी खिडकीतून बाहेर फेकला. इतका संताप मला आयुष्यात कुणाचा आला नाही, माझ्या सासूचासुद्धा नाही.

यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची. जीपमध्ये ते पुढे बसले की मी मागे बसायची. त्यांच्या डोक्यावर केस परत आले, खिसा पुन्हा पांढरा दिसायला लागला. आश्चर्य म्हणजे शिकवणं तसंच राहिलं, जराही घसरलं नाही. पोरं तशीच खूश. मी बघत बसायची की या माणसाच्या आत नक्की कुठे भिंत आहे.

दोन वर्षांनी शोभावहिनींच्या किडन्या निकामी झाल्या. डायलिसिससाठी त्यांना आठवड्यातून दोनदा बुलढाण्याला आणायचे. दवाखाना माझ्या घराजवळ, म्हणून मी डबा घेऊन जायची. वहिनी एवढ्याएवढ्याशा झाल्या होत्या, हात सुईनं काळेनिळे. सर औषध आणायला खाली गेले की वहिनी माझा हात धरायच्या. "म्याडम, एक डाव पल्लूले दाखवा. मले दुसरं काही नको." मलकापूर तिथून दीड तासावर. दोन वर्षांत या बाईनं आपल्या लेकीचं तोंड बघितलं नव्हतं. एकदा मोताळ्याच्या बाजारात पल्लवी दिसल्यासारखी वाटली म्हणून वहिनी भाजीची पिशवी टाकून धावल्या होत्या, ती दुसरीच कुणी निघाली, हेही त्यांनीच मला सांगितलं.

मग मी सरांशी बोलायचं ठरवलं. दवाखान्याच्या खालच्या चहाच्या टपरीवर त्यांना गाठलं आणि जे इतके दिवस गिळलं होतं ते सगळं बोलले. म्हटलं, सर, रंजनाच्या ओट्यावर चहा पिणारा माणूस कुठे गेला? पेपरातली जात खोडणारा माणूस कुठे गेला? नितीनला तुम्हीच घरी आणलंत, तुमच्याच टेबलावर बसवलंत. त्या मुलांनी तुमचा शब्द खरा मानला, एवढाच त्यांचा गुन्हा ना?

सरांनी चहा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत. म्हणाले, "थे शब्द होते मॅडम. शब्दाचं सोपं असते. शब्दाले भाऊबंद नसतात."

मग सांगायला लागले. धाकटा भाऊ गजानन गावाकडची शेती बघतो. त्याच्या दोन पोरी लग्नाच्या. पल्लवीचं कळल्यावर एका पोरीची ठरत आलेली सोयरीक फिसकटली. गजाननभाऊ घरी येऊन वहिनींसमोर म्हणाला की पल्लवी या उंबऱ्याच्या आत आली, तर आमच्यापैकी कुणी तुमच्या दारात पाय ठेवणार नाही, मेले तरी खांद्याला येणार नाही. "मले खांद्याची भीती नाई," सर म्हणाले. "पण त्या दोन पोरी माह्याच हायेत ना. त्याइचं काय?" मी म्हटलं, आणि पल्लवी कुणाची? त्यांनी बशीतला चहा तसाच रस्त्याच्या कडेला ओतून दिला आणि वर निघून गेले.

मी खोटं कशाला लिहू, त्या क्षणी मला त्यांची दयाही आली. पण राग दयेपेक्षा मोठा होता आणि तो अजून तसाच आहे. सर भित्रे निघाले. वाईट नव्हते, भित्रे होते. वाईट असते तर मला इतका त्रास झाला नसता.

पावसाळा संपता संपता वहिनींना आयसीयूत टाकलं. सकाळी मी गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, आजचं सांगता येत नाही, जवळच्यांना बोलावून घ्या. मी कुणालाही न विचारता पल्लवीला फोन लावला. ती आणि नितीन मोटारसायकलवर निघाले. नितीन खाली गाडीपाशीच थांबला, पल्लवी धावत जिना चढून वर आली.

आयसीयूच्या दाराशी बाकावर सर आणि गजाननभाऊ बसलेले. गजाननभाऊनं सिस्टरला आधीच सांगून ठेवलं होतं की पेशंटला मुलगी नाही, कुणी तसं म्हणत आलं तर आत सोडायचं नाही. पल्लवी दाराशी पोचली तशी सिस्टरनं हात आडवा केला. "पेशंटच्या कोण तुम्ही?"

"मुलगी," पल्लवी म्हणाली.

सिस्टर गोंधळली. मी म्हटलं, "सिस्टर, मी ओळखते हिला. मुलगी आहे ती त्यांची. सोडा आत." सिस्टर म्हणाली, "मॅडम, मला नातेवाइकांनी वेगळं सांगितलंय. मिस्टर सांगतील ते मी करीन." आणि ती सरांकडे वळली. "सर, या तुमच्या मुलगी का?"

गजाननभाऊ सरांकडे बघत होता. मी बघत होते. पल्लवी बघत होती. तिचा श्वास अजून जिना चढल्याचा चाललेला. काचेच्या दारातून वहिनींचा पलंग दिसत होता, फक्त पायांकडची बाजू. सरांनी एकदा गजाननभाऊकडे बघितलं, एकदा पल्लवीकडे. मला दिसत होतं, ते शब्द शोधत होते. आयुष्यभर त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं.

"माही विद्यार्थिनी हाय," सर म्हणाले.

त्यांना वाटलं असेल, सापडला. भावाला दुखवणार नाही, खोटंही होणार नाही आणि पोरगी आत जाईल, असा शब्द. सिस्टरनं मान हलवली आणि पल्लवीला म्हणाली, "मग संध्याकाळी या, पाच वाजता. आता फक्त घरचे."

मी ओरडलेच, "सर, बोला ना." सर जमिनीकडे बघत होते.  गजाननभाऊनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. मी सिस्टरशी भांडले, डॉक्टरांना शोधायला खाली गेले, ते ऑपरेशनमध्ये. परत आले तेव्हा पल्लवी जिन्याच्या पायरीवर बसलेली. मी म्हटलं, ऊठ, मी तुला ढकलून आत नेते. ती म्हणाली, "नको मॅडम. आईच्या समोर तमाशा नको. पाच वाजेपर्यंत थांबते मी." आणि ती थांबली. नितीन पाण्याची बाटली घेऊन येऊन तिच्या खालच्या पायरीवर बसला.

वहिनी दुपारी गेल्या.

स्ट्रेचर खाली आणताना पल्लवीनं पाय धरले. तेव्हा मात्र कुणी अडवलं नाही. वॉर्डबॉयनं जरा वेळ स्ट्रेचर थांबवलं आणि मग तोही म्हणाला, चला ताई.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी. नंतर ते शाळेत आले नाहीत. रजा टाकली, रजेतच निवृत्त झाले, मोताळ्याचं घर बंद केलं आणि गावाकडे भावाजवळ राहायला गेले. मी गेले नाही भेटायला.

अँब्युलन्स मोताळ्याकडे निघाली. मागे नितीनची मोटारसायकल, तिच्यामागे मी माझ्या मुलाच्या गाडीत. मलकापूरचा रस्ताही तोच. बुलढाणा संपून राजूर घाट सुरू व्हायच्या आधी अँब्युलन्स थांबली. गजाननभाऊ उतरला आणि हातानं नितीनला खूण केली की इथून पुढे मागे यायचं नाही, आम्हाला जाऊ द्या, मग या. नितीननं गाडी बाजूला घेतली. मीही उतरले. अँब्युलन्सचं मागचं दार उघडलं आणि सर खाली उतरले. एक क्षण मला वाटलं, आता हा माणूस पोरीला घेऊन आत बसवणार. देवाशप्पथ मला तसं वाटलं.

सर मोटारसायकलपाशी गेले. नितीनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घाटात गाडी सावकाश घे बे. वळणावर खडी पडेल हाय." नितीननं मान हलवली. पल्लवी मागे बसलेली, तिनं वर बघितलं.

"बाबा," ती म्हणाली, "आईनं माह्याबद्दल इचारलं होतं का?"

 इथे ते खोटं बोलू शकले असते. नाही म्हटलं असतं, शुद्धीवर नव्हती म्हटलं असतं, तर त्या पोरीला आयुष्यभर जरा झोप लागली असती.

"हाव," सर म्हणाले. "सकाळपासून इचारून राह्यली होती."

मग ते वळले, अँब्युलन्समध्ये चढून वहिनींच्या पायांशी बसले, आणि गजाननभाऊनं बाहेरून दार लावलं.